शेऱ्याच्या रकान्यातले ठिपके

शुक्रवार, नवरात्रातली पाचवी माळ. दिवसाचा रंग हिरवा. वेळ सकाळी पावणेअकरा.

हजर: आमचे डॉक्टर, मी म्हणजे दवाखान्याची कंपाउंडर सुनंदा, रुमाल गिळलेला एक लॅब्राडोर आणि त्याची मालकीण, दोघंही चिंतेत, टोपलीत एक शिंकणारं मांजर, मांडवीच्या जुबेदाचाची, आणि चाचींच्या मांडीवरच्या जाळीच्या पिंजऱ्यात नवाब. गैरहजर: नवाबचा मालक, म्हणजे चाचींचा मुलगा इम्तियाज. तो बोटीवर.

त्या दिवशी दवाखान्यात आम्ही सगळ्या बायका हिरव्या होतो. चाचींची ओढणीही योगायोगाने हिरवीच. ज्याने हिरवं असायला हवं होतं तो नवाब तेवढा काळा पडला होता.

"सुनंदा, बघ ना गो ह्याला," चाची म्हणाल्या. "डोळे उघडत नाही. इम्तियाजला मी काय तोंड दाखवू?"

डॉक्टरांनी माझ्या वहीकडे पाहिलं. अडचण आली की ते आधी वहीकडे पाहतात. मी वही उघडून पुढे सरकवली. वेळ, रंग, डोळे, पकड, पाणी, खाणं, शी, शेरा. आठ रकाने, सहा महिने, एकही दिवस कोरा नाही. आणि तरी प्राणी हातातून चालला होता.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर गाईम्हशींचं आणि कुत्र्यांचं पुष्कळ लिहिता आलं असतं. चोवीस वर्षं रत्नागिरीतल्या या दवाखान्यात काढली आहेत. पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढे एकच जनावर येतं, आणि तेही अगदी सावकाश, एक पाय उचलून, थांबून, वाऱ्यावरच्या पानासारखं मागेपुढे डुलत.

कंपाउंडर म्हणजे औषधं बांधून देणारी, असं लोकांना वाटतं. खरं काम विचारण्याचं. जनावर बोलत नाही आणि मालक फार बोलतो. त्या बोलण्यातून जनावराचं दुखणं वेगळं काढायचं आणि डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत कागदावर उतरवायचं. मला याद्या करायची सवय आहे. घरी वाणसामानाच्याच नव्हे, पाहुणे आले की कोणाला गोड चालत नाही याचीही यादी असते. दवाखान्यात हा गुण ठरला.

नवाब आमच्याकडे पहिल्यांदा आला तो चैत्रात, इम्तियाजबरोबर. इम्तियाज बोटीवर इंजिनरूममध्ये काम करतो. आखातात एका दोस्ताच्या घरी त्याने शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाहिला आणि त्याला वेडच लागलं. मुंबईत रीतसर कागद करून, नोंदणी करून त्याने एक पिल्लू घेतलं. तेव्हा ते माझ्या मधल्या बोटाएवढं होतं. आपल्या आंब्याच्या बागांत आणि करवंदीच्या जाळीत याचाच भाऊबंद राहतो, त्याला आपण घोयरा म्हणतो. तो पाळायला कायद्याने बंदी आहे. कोणी पकडून आणला तर आम्ही वनखात्याला कळवतो आणि आणणाऱ्याला जरा बोलतोही. नवाब मात्र अरबस्तानातल्या डोंगरांतला. डोक्यावर उंच तुरा. चाची त्या तुऱ्याला शीड म्हणत. त्यांच्या घरातले पुरुष तीन पिढ्या दर्यावर, त्यांना दुसरं काय आठवणार?

"मावशी, आठ महिने मी नाही," इम्तियाज म्हणाला. "ह्याला अम्मी सांभाळेल. पण अम्मीला तुम्ही सांभाळा."

"निर्धास्त जा," मी म्हटलं. "माझ्याकडे यादी आहे."

डॉक्टर प्रामाणिक माणूस. "मी हा प्राणी पुस्तकात पाहिलाय, सुनंदाताई," ते म्हणाले, "पुढचं तुम्ही आणि मी मिळून शिकायचं." पुण्यात त्यांचे एक वर्गमित्र असले परदेशी प्राणी बघतात. त्यांना फोन करून आम्ही पाठ घेतले.

पहिला पाठ: हा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग घेतो, हे खोटं. त्याचा रंग म्हणजे त्याची तब्येत आणि त्याचा स्वभाव. सकाळी गार असतो तेव्हा अंग गडद करतो, ऊन ओढून घ्यायला. गंमत म्हणजे उन्हाकडची बाजूच जास्त गडद होते. ऊन पुरेसं झालं की फिका. झोपेत तर इतका फिका की पानाची उलटी बाजू वाटावी. रागावला की पट्टे भडक. कात टाकण्याआधी मळकट, चुन्याचा हात फिरवल्यासारखा. यातला कोणताच रंग आजार नाही. आजार म्हणजे जो रंग ज्या वेळी असायला नको तो त्या वेळी असणं. भर दुपारी उन्हात बसूनही काळा, दिवसा डोळे मिटलेले, फांदीवरची पकड ढिली, डोळे खोल गेलेले, शीमधला खडूसारखा पांढरा भाग नारिंगी झालेला. नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय. कारण हा वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला ते दिसतच नाही. त्याला पानावरून ओघळणारा थेंब लागतो.

आता हे रंग फोनवरून कळायचे कसे? चाची म्हणायच्या, "हिरवा हाय." कसला हिरवा? "हिरवा म्हणजे हिरवा गो!" शेवटी मी आमच्या गल्लीतल्या फॉल-बिडिंगवालीकडे गेले आणि साडीच्या फॉलच्या पट्ट्यांचे तुकडे मागून आणले. लिंबू, हळदी, पोपटी, शेवाळी, मेंदी, बाटलीचा हिरवा, तपकिरी, आमसुली, काळा. फिक्यापासून गडदपर्यंत अठरा तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले आणि नंबर घातले. असे दोन पुठ्ठे. एक चाचींकडे, एक माझ्या टेबलावर.

"साडी नेसवतेस काय ह्याला?" चाची हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ठरल्या वेळी फोन येऊ लागला. "सकाळी तेरा. आता सहा. दोन नाकतोडे खाल्ले. डोळे टंच." डॉक्टर म्हणायचे, बाई आकडा लावतायत असं वाटतं.

दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी मी मांडवीला जायची. चाचींच्या घराला समुद्राकडे तोंड करून एक लहान पडवी आहे. तिथे कढीलिंबाच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांमध्ये नवाबचा उंच जाळीचा पिंजरा. मी वही उघडून बसायची. दहा मिनिटांचं काम. पण त्याच्याकडे बघायला लागलं की दहा मिनिटं कुठे जातात ते कळत नसे. त्याचा एक डोळा समुद्राकडे आणि एक माझ्याकडे, दोन्ही आपापले फिरत असायचे. मला वाटायचं, एका डोळ्याने हा आजचं बघतो आणि दुसऱ्याने कुठलं तरी जुनं, अरबस्तानातलं, जे त्याने स्वतः कधी पाहिलेलंच नाही. जाळीतून ऊन त्याच्या अंगावर पडायचं आणि पोपटीचा हळदी व्हायचा, तो कधी झाला ते मला एकदाही पकडता आलं नाही. बघत असतानाच व्हायचं. चाची चहा आणून ठेवायच्या, तो थंड व्हायचा. वहीत त्या दिवशीच्या वेळेपुढे मी एकदा नुसतंच "ऊन" असं लिहून ठेवलं आहे. ते काय होतं, निरीक्षण की काय, आज सांगता येत नाही.

शेजारची नसीम तिथे अधूनमधून लाल चादर घेऊन हजर व्हायची आणि पिंजऱ्यामागे धरायची.

"लाल का होत नाही गो हा?"

"तुझ्यासारखा येडा नाही तो, म्हणून," चाची म्हणायच्या. "चल, चादर वाळत घाल तुझी."

सुरुवातीला याच चाची त्याला बला म्हणत होत्या. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून त्याच्यासाठी खास दिवा आणला, तर वीज गेली की त्या त्याच्याभोवती शाल धरून उभ्या राहायच्या, गारठू नये म्हणून. इम्तियाजचा बोटीवरून फोन आला की पहिला प्रश्न "अम्मी, कशी आहेस?" आणि दुसरा "नवाब?" दुसऱ्याचं उत्तर लांब असायचं.

गणपती विसर्जन झालं त्याच आठवड्यात फोन आला. चाचींचा आवाज नटलेला.

"सुनंदा, आज बघायला ये. ईदचे कपडे घातल्यासारखा दिसतोय. अंगावर ठिपके उठलेत."

"कसले ठिपके?"

"निळे गो, आणि पिवळे. जरीचे बुट्टे असतात ना, तसे."

"आणि अंगाचा रंग? नंबर?"

"पंधरा. पण ठिपक्यांचा नंबर तुझ्या पुठ्ठ्यावर नाहीच."

मी हसले. रंगाच्या रकान्यात १५ लिहिलं. ठिपक्यांना रकाना नव्हता, म्हणून ते शेऱ्यात गेले: "निळे-पिवळे ठिपके. चाची खूश." हे माझ्या अक्षरात आहे. वयात आला असेल, नटतोय, असं मी म्हटलं आणि चाची म्हणाल्या, "मग आता बायको बघावी लागणार!" आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी आता पुन्हा वाचते. खाणं कमी. पिंजऱ्याच्या तळाशी उतरतो. कोपरा उकरतो. पोट भरलेलं दिसतं. जो प्राणी झाडावरून जन्मात खाली यायला नाखूश, तो रोज तळाशी फिरतोय. चाची म्हणाल्या, "त्याला घरची आठवण येतेय, वाट शोधतोय." मी म्हटलं, "अस्वस्थ आहे, अंगात ताकद हवी. खुराक वाढवा. दिवा जरा जवळ आणा, ऊब वाढू दे." त्यांनी माझं ऐकलं. माझं त्या सगळंच ऐकत.

आणि पाचव्या माळेला नवाब टेबलावर होता. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि मी वही वाचत गेले. अठरा नंबर, कालपासून. डोळे अर्धे मिटलेले. पकड ढिली. तळाशी उकरतो. शेऱ्यातले ठिपके मी वाचलेच नाहीत, कारण मी रकान्यांच्या क्रमाने वाचत होते आणि तिथवर पोचायच्या आतच पलीकडून प्रश्न आला.

"नर की मादी?"

"नर," मी म्हटलं. "नवाब."

"टाच बघितलीत?"

"टाच?"

"मागच्या पायाची टाच. या जातीत नराला तिथे जन्मापासून लहानसा काटा असतो. बघा."

डॉक्टरांनी नवाबचा मागचा पाय दोन बोटांत अलगद धरला आणि भिंग घेतलं. मग दुसरा पाय. मग भिंग माझ्या हातात दिलं. टाच बाळाच्या टाचेसारखी गुळगुळीत होती.

मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

माझ्या आठ रकान्यांत नर-मादीचा रकानाच नव्हता. गाय आली, कुत्री आली, तर पहिली ओळ तीच असते. इथे ती का सुटली याचा मी पुष्कळ विचार केला. एकच कारण सापडलं. मराठीत पाल ती आणि सरडा तो. घोयरा तर तोच. शॅमेलिऑनही आपण न विचारता तोच म्हणतो. इम्तियाजने नाव ठेवताना तेच केलं, चाचींनी तेच, मी तेच, आणि एकदा तोंडातून "तो" गेला की डोळे परत तपासायला जात नाहीत. सहा महिने मी तिच्या डोळ्यांत, तिच्या अंगावर, तिच्या शीमध्ये बघत होते. टाचेपर्यंत गेलेच नाही.

"निळे-पिवळे ठिपके आले होते का?" फोनवरून विचारलं.

"आले होते," चाची म्हणाल्या. माझ्या आधी.

"मग पोटात अंडी आहेत. नर लागत नाही त्यांना, कोंबडीसारखं. उकरतेय ती अंडी घालायला जागा शोधतेय. ऊब आणि खुराक वाढवलात तर अंडीही वाढतात. तिला खोल, ओलसर वाळू द्या, आडोसा द्या आणि बघू नका. कोणी बघतंय कळलं तर ती थांबते. उद्या संध्याकाळपर्यंत घातली नाहीत तर पोट उघडावं लागेल, आणि इतक्या थकलेल्या जिवाला ते झेपणं कठीण."

डॉक्टरांनी पोटावरून बोट फिरवलं. शेंगदाण्यासारखे दाणे हाताला लागले. याला मी "पोट भरलेलं दिसतं" असं लिहिलं होतं.

"वाळू मिळेल का, चाची?" डॉक्टरांनी विचारलं.

चाचींचे डोळे भरले होते, तरी त्या म्हणाल्या, "मांडवीला राहते मी, डॉक्टर. वाळू मिळेल का विचारता?"

पण समुद्राची वाळू खारी, ती चालत नाही. इथे मात्र माझी यादी कामाला आली. चाचींच्या घरामागे बांधकाम चालू होतं, तिथून नदीची वाळू दोन घमेली. चाळणीने चाळली, तीन पाण्यांतून धुतली. ओल किती? लाडू वळला की ठरावा, फुटू नये, इतकी. कपडे धुवायची खोल बादली काठोकाठ भरली, मध्ये बोटाने एक बीळ सुरू करून दिलं. दवाखान्यातच डॉक्टरांनी नवाबच्या तोंडात कॅल्शियमचे थेंब सोडले होते, पाणी दिलं होतं. बादली पिंजऱ्यात, पिंजऱ्याभोवती चादर. नसीमने स्वतःची लाल चादर आणून दिली.

शनिवारी सकाळी मी रजा टाकून मांडवीला गेले. चोवीस वर्षांत अशी रजा पहिली. दिवसाचा रंग करडा होता आणि समुद्रही तसाच. चाची आणि मी पडवीच्या दाराआड जमिनीवर बसलो, आवाज न करता. आत काही हलत नव्हतं. मग वाळू खरवडल्याचा आवाज आला, इतका बारीक की लाटेच्या मागे जाऊन पुन्हा पुढे येत होता. खरवडणं, थांबणं, खरवडणं. चाचींनी माझा हात धरला होता. कितीतरी वेळ गेला. मला डुलकी लागली असावी, कारण मी पाहिलं की चादरीच्या आत सगळे अठरा रंग एकामागून एक जात आहेत आणि मी नंबर लिहायचे थांबवले आहेत.

"इम्तियाजच्या वेळी असंच," चाची पुटपुटल्या. "दोन दिवस. त्याचा बाप दर्यावर. सुईण म्हणायची, बघू नको, येईल." मग म्हणाल्या, "मी तुला सांगितलं होतं ना गो ठिपक्यांचं?"

"सांगितलं होतं, चाची."



दुपारी खरवडणं बंद झालं. बऱ्याच वेळाने थापटल्यासारखा आवाज आला. मी चादरीची एक कड बोटभर उचलली. ती बादलीच्या काठावर होती, वाळूने माखलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि पुढच्या पायाने वाळू दाबून सारखी करत होती, घर सारवून झाल्यावर शेवटचा हात फिरवावा तसा. मग फांदीवर चढली. पकड घट्ट. चाचींनी पानांवर पाणी फवारलं. तिने एक थेंब घेतला, मग दुसरा. घेता घेता तिचं अंग उजळत गेलं. सहा नंबर. त्या दिवशी ते होताना मी पाहिलं, असं मला वाटतं.

अंडी एकतीस निघाली. त्यातून काही जन्मणार नव्हतं. चाचींनी ती जास्वंदीच्या मुळाशी पुरली.

नवाब जगली. आता तिचा खुराक बेताचा, ऊब बेताची, म्हणजे अंडी कमी. माझ्या वहीत नववा रकाना आहे आणि तो पहिला आहे. वाळूची बादली कायम भरलेली.

इम्तियाज डिसेंबरात आला. खजुराचा डबा घेऊन दवाखान्यात आला आणि वाकून माझ्या पाया पडायला लागला.

"मावशी, तुमच्या यादीमुळे वाचली. अम्मीने सांगितलं मला सगळं. ठिपके आले होते तरी तिने तुम्हाला कळवलंच नाही म्हणे! एवढा पुठ्ठा करून दिलात तुम्ही. खूप बोललो मी तिला."

समोर दोन कुत्री आणि चार माणसं होती. मी डबा घेतला. "असू दे रे," म्हटलं. बस, तेवढंच.

संध्याकाळी चाचींकडे गेले आणि विचारलं, हे काय सांगितलंत. त्या मासे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आईवर रागावला तर दोन दिवसांत विसरतो. तुझ्यावरचा भरोसा गेला तर मग ह्या जिवाला घेऊन मी जाऊ कुठे? दुसरं कोण आहे रत्नागिरीत?"

"पण खोटं कशाला?"

"जा गो. चहा घे."

तो पुन्हा बोटीवर गेला. अजूनही व्हिडिओ कॉलवर नवाब जरा गडद दिसली की म्हणतो, "अम्मी, या वेळी तरी मावशींना सांगितलंस ना?" एका गुरुवारी मी तिथेच बसले होते, फोनच्या चौकटीबाहेर. चाचींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हो रे बाबा, सांगितलं."

वहीचं ते पान सुटलेलं नाही. तारीख, १५, आणि शेऱ्यात माझ्या अक्षरात ती ओळ. मी त्या पानाचा फोटो काढला आहे. खाली दोन ओळी लिहिल्या आहेत: चूक माझी होती, अम्मीने त्याच दिवशी कळवलं होतं. इम्तियाजचा नंबर उघडते, बोटीला रेंज नसेल म्हणून बंद करते. त्याला रेंज असते, हे मला माहीत आहे.

या आठवड्याच्या यादीत अकरा कामं होती. दहांवर खूण झाली. फोटो पाठवायचा राहिला आहे.